क्लाराबाई शूमान : हातीं सोंपविलेलें धन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पियानो हें वाद्य पाहिलें नसेल. आपल्या मंदिरांतील पेटी भात्याच्या वाऱ्यावर वाजते. पियानोंत वारा नसतो. एका मोठ्या लांकडी पेटाऱ्यांत धातूच्या तारा ताणून बसविलेल्या असतात, आणि बोटानें पट्टी दाबली म्हणजे मऊ वेष्टणाची एक लहानशी हातोडी आंतील तारेवर पडते. पेटीचा सूर भाता चालला आहे तोंपर्यंत टिकतो; पियानोचा सूर उमटल्याबरोबर विरूं लागतो. म्हणून त्या वाद्यावर मनुष्याच्या गळ्यासारखें अखंड गाणें वाजवून दाखविणें फार कठीण समजतात. तें एका दिवसांत येत नाहीं, एका वर्षांतही येत नाहीं. आणि आलें तरी रोजच्या मेहनतीवांचून हातांत राहत नाहीं.

ज्या बाईंचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांनीं नऊ वर्षांच्या असल्यापासून एकाहत्तर वर्षांच्या होईपर्यंत हें वाद्य लोकांपुढें वाजविलें, आणि त्यानंतरही एक वर्ष तें शिष्यांस शिकविलें. त्यांचें नांव क्लारा शूमान. एकोणिसाव्या शतकांत युरोपखंडांत जे मोठे वादक होऊन गेले, त्यांच्या पहिल्या रांगेंत त्यांची गणना होते. त्या उपदेशिका नव्हत्या, मिशनरी नव्हत्या, आणि आपल्या धर्मनिष्ठेचा गाजावाजा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग त्यांचें चरित्र आमच्या पत्रांत कशाला, असें एखादा बंधु विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, परदेशीं जाणाऱ्या धन्यानें आपल्या दासांच्या हातीं द्रव्य सोंपवून दिल्याचा जो दृष्टांत मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे, त्याचा अर्थ समजण्यास हें चरित्र मोठें साह्य करितें. हातीं आलेलें धन कसें राखावें व वाढवावें हें त्यांत दिसतें. आणि एखादें धन जमिनींत कसें पुरलें जातें, हेंही त्यांत दिसतें.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजीं जर्मनींतील सॅक्सनीच्या राज्यांत, लाइप्झिग शहरीं झाला. हा सारा प्रदेश मार्टिन लूथर यांच्या सुधारणेचा. लूथर ज्या विटेनबर्ग गांवीं शिकवीत असत, तेथेंच क्लाराचे वडील फ्रीड्रिख वीक यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता. परंतु पाळकाचें काम न पत्करतां ते संगीताचे शिक्षक झाले, आणि लाइप्झिगांत पियानोंचें दुकान चालवूं लागले. तिची आई मारियाना ही गाण्यांत व वाजविण्यांत निपुण होती. पण त्या घरांत शांति नव्हती. क्लारा पांच वर्षांची होते न होते तोंच आईबाप विभक्त झाले, व पुढें त्यांचा विवाहबंध कायद्यानें तुटला. मुलांवर हक्क बापाचा, असा तेथील कायदा असल्यामुळें क्लारा वडिलांकडे राहिली.

चार वर्षांची होईपर्यंत ही मुलगी बोलत नसे. तिला नीट ऐकूं येत नसावें, अशी लोकांची समजूत झाली होती. परंतु सूर मात्र तिच्या कानांत बरोबर शिरत. पांचव्या वर्षापासून वडिलांनीं तिला नेमानें शिकविण्यास आरंभ केला. त्यांची रीति अशी कीं, प्रथम कागदावर लिहिलेले सूर दाखवावयाचेच नाहींत. लहान लहान तुकडे कानानें ऐकून वाजवावयास लावावयाचे. रोज एक तास धडा, सुमारें दोन तास मेहनत, आणि शिवाय मोकळ्या हवेंत लांबवर फिरणें. लेंकराला दिवसभर बाजासमोर बसवून ठेवणें त्यांस पसंत नव्हतें. शिक्षक या नात्यानें ते शहाणे होते. बाप या नात्यानें मात्र त्यांची मूठ फार घट्ट होती. मुलीची रोजनिशी ते स्वतः लिहीत, आणि तींत जणूं तीच बोलत आहे अशा भाषेंत लिहीत. ज्या मुलीला बोलावयास उशीर लागला, तिच्या नांवचे शब्दही कित्येक वर्षें बापाचेच होते.

२० ऑक्टोबर १८२८ रोजीं लाइप्झिगांतील गेवांडहाउस या नांवाजलेल्या सभागृहांत क्लारा प्रथम लोकांपुढें बसली. तिला नऊ वर्षें पुरीं होऊन एकच महिना लोटला होता. दोन वर्षांनीं, ८ नोव्हेंबर १८३० रोजीं, तिच्या स्वतःच्या नांवानें तेथें जलसा झाला. मग वडील तिला घेऊन शहरोशहरीं फिरूं लागले. १८३१ सालीं वायमार येथें महाकवि गटे यांच्या घरीं तिचें वाजविणें झालें. त्या वेळीं गटे ब्यायशीं वर्षांचे होते व क्लारा बारा वर्षांची. तिची बैठक ठेंगणी पडते असें पाहून त्या वृद्ध कवीनें स्वतः उशी आणून दिली, आणि आपली मूर्ति असलेलें एक पदक तिला बक्षीस दिलें. १८३५ च्या नोव्हेंबरांत, सोळा वर्षांची असतांना, पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठीं तिनें स्वतः केलेली एक मोठी रचना तिनें गेवांडहाउसांत वाजविली. वाद्यवृंदाचें चालकत्व प्रसिद्ध संगीतकार मेंडेलसोन यांनीं केलें. १८३८ सालीं व्हिएन्ना येथें ऑस्ट्रियाच्या बादशहानें तिला दरबारी वादकाची पदवी दिली. ती परदेशची, वयानें अठरा वर्षांची, आणि रोमन कॅथलिक बादशहाच्या दरबारीं प्रॉटेस्टंट पंथाची. तरी हा मान तिला मिळाला.

या यशाच्या आड एक दुःख वाढत होतें. १८३० सालीं रॉबर्ट शूमान नांवाचा एक तरुण वीक यांच्या घरीं शिकावयास येऊन राहिला होता. तो क्लारापेक्षां नऊ वर्षांनीं मोठा. हाताला कायमची दुखापत झाल्यामुळें वादक होण्याची त्याची आशा संपली, व तो संगीत रचूं लागला. पुढें क्लारा वयांत आल्यावर दोघांचें मन एकमेकांवर जडलें, आणि १८३७ सालीं त्यांनीं एकमेकांस विवाहाचें वचन दिलें. हें वीक यांस मुळींच रुचलें नाहीं. शूमानची मिळकत थोडी व बेभरंवशाची होती, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. परंतु जी मुलगी आपण घडविली ती आपल्या हातांतून जाते, हेंही त्यांस सहन होत नव्हतें. त्यांनीं दोघांच्या भेटी बंद केल्या. मुलीनें जलशांत मिळविलेला पैसाही बापाच्याच हातीं राहिला. १८३९ सालीं क्लारा वडिलांवांचून पॅरिसला गेली, आणि सभागृह ठरविण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत सारी कामें करावयास शिकली. हें शिक्षण पुढें तिच्या किती उपयोगीं पडणार होतें, याची त्या वेळीं कोणालाही कल्पना नव्हती.

त्या देशीं बापाच्या संमतीवांचून तिला विवाह करतां येत नव्हता. शेवटीं त्याच वर्षीं दोघांनीं न्यायालयाकडे अर्ज केला. खटला सुमारें एक वर्ष चालला. वीक यांनीं होणाऱ्या जांवयावर दारूबाजीचा आरोप आणला. तो त्यांस शाबीत करतां आला नाहीं. मुलीला भर न्यायालयांत बापाविरुद्ध उभें राहावें लागलें. १८४० च्या ऑगस्ट महिन्यांत परवानगी मिळाली, आणि १२ सप्टेंबर रोजीं लाइप्झिगजवळच्या शेनेफेल्ड खेड्यांतील मंदिरांत दोघांचें लग्न झालें. दुसऱ्याच दिवशीं क्लाराला एकवीस वर्षें पुरीं झालीं. बापाशीं तुटलेलें नातें मात्र तिनें तुटलेलेंच राहूं दिलें नाहीं. १८४३ सालीं बापलेकींचा समेट झाला.

ह्या कष्टाच्या काळांतील एक आठवण आपल्या उपासनेंतही येऊन पोंचली आहे. १८३९ सालीं, म्हणजे खटल्याच्याच वर्षीं, रॉबर्ट शूमान यांनीं पियानोसाठीं रात्रीविषयींच्या चार रचना केल्या. त्यांपैकीं चवथीवरून पुढें स्तोत्राची एक चाल तयार झाली. इंग्रजी गीतांच्या पुस्तकांत ती कॅननबरी या नांवानें छापलेली असते. ज्यांच्या गांवीं ती म्हणतात त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ही शांत चाल मोठ्या अशांत दिवसांत जन्मली आहे.

आतां क्लाराबाईंचा संसार सुरू झाला. पतिपत्नींनीं एकच रोजनिशी पाळीपाळीनें लिहिण्याचा नेम धरिला. घरांत प्रीति होती, परंतु अडचण अशी कीं, दोघांचेंही काम सुरांचें. शूमान रचना करीत बसले म्हणजे बाईंस बाजाला हात लावतां येत नसे, कारण भिंतींतून आवाज जाई. जिला रोज मेहनत पाहिजे तिला मेहनतीची वेळ मिळेना. त्यांतच एकामागून एक मुलें झालीं. चौदा वर्षांत आठ मुलें त्यांच्या पोटीं आलीं. त्यांपैकीं एमिल हा सव्वा वर्षाचा होऊन १८४७ सालीं वारला. असें असतांही त्यांनीं जलसे सर्वस्वीं सोडले नाहींत. १८४४ सालीं त्या पतीसह रशियांत गेल्या, व तेथें त्यांचा मोठा सन्मान झाला. शूमान त्या प्रवासांत आजारी पडले. शिवाय सारीकडे बायकोचा गौरव आणि आपण नुसते सोबतीला, हें त्यांच्या मनास लागे. दोघांनाही देणगी असली तर घरांत दोघांनाही जागा लागते. ती काढणें थोर माणसांनाही सोपें गेलें नाहीं.

बाईंच्या धैर्याची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १८४९ च्या मे महिन्यांत हें कुटुंब ड्रेस्डेन शहरीं राहत असतांना तेथें बंड उठलें. बंडवाले घरोघर पुरुषांस आपल्या टोळींत ओढूं लागले. शूमान यांची प्रकृति नाजूक, मन त्याहून नाजूक. बाई त्यांस व थोरल्या मुलीस घेऊन मागच्या दारानें निसटल्या आणि शहराबाहेर माक्सेन येथें पोंचल्या. परंतु धांकटीं मुलें दाईपाशीं शहरांतच राहिलीं होतीं. तेव्हां बाई रात्रीच्या वेळीं परत निघाल्या, गोळीबार चालला असतां पायीं शहरांत शिरल्या, मुलांना उठवून कपडे घातले, आणि त्यांस घेऊन सुखरूप बाहेर आल्या. त्या वेळीं त्यांस सातवा महिना चालू होता.

१८५० सालीं शूमान यांस ड्युसेल्डॉर्फ येथें नगराच्या संगीताचें काम मिळालें, म्हणून कुटुंब तेथें गेलें. १८५३ च्या सप्टेंबरच्या शेवटल्या दिवशीं एक वीस वर्षांचा अनोळखी मुलगा त्यांच्या दारीं आला. त्याचें नांव योहानेस ब्राम्स. पतिपत्नींनीं त्याच्या रचना ऐकल्या, त्याची योग्यता ओळखली, व त्यास घरचा करून घेतला. शूमान यांनीं वृत्तपत्रांत लेख लिहून त्याचें नांव जगापुढें आणिलें. पुढें चारच महिन्यांनीं ह्या घरावर आकाश कोसळलें. शूमान यांस कांहीं दिवस नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, मन ताब्यांत राहीना, आणि २७ फेब्रुवारी १८५४ रोजीं त्यांनीं र्‍हाईन नदींत उडी टाकली. नावाड्यांनीं त्यांस बाहेर काढलें. कांहीं दिवसांनीं त्यांस बॉनजवळ एंडेनिख येथील मनोरुग्णांच्या इस्पितळांत पोंचविण्यांत आलें. रोग्याच्या मनास धक्का बसेल म्हणून वैद्यांनीं बाईंस भेटीची मनाई केली. ही मनाई दोन वर्षें आणि चार महिने टिकली. १८५६ च्या जुलैअखेर, पति अगदीं शेवटल्या अवस्थेंत असतांना, त्यांस आंत जाऊं दिलें. २९ जुलै रोजीं रॉबर्ट शूमान वारले.

घरचा कर्ता पुरुष जातो तेव्हां काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. क्लाराबाई तेव्हां छत्तीस वर्षांच्या होत्या. सात मुलें हयात. थोरली चौदा वर्षांची, धांकटा फेलिक्स दोन वर्षांचा. तो तर बाप इस्पितळांत गेल्यावर जन्मला होता, आणि बापानें त्यास कधीं पाहिलेंही नाहीं. बाईंपुढें मार्ग दोन होते. एक, दुसऱ्यांच्या दयेवर राहणें. चाहत्यांचा तोटा नव्हता. दुसरा, बालपणापासून जें हातांत होतें त्यावर उभें राहणें. त्यांनीं दुसरा मार्ग धरिला, आणि तोही पति वारण्याची वाट न पाहतां. १८५४ च्या शरदऋतूंत, फेलिक्स अंगावर पिणाऱ्या वयाचा असतांनाच, त्या पुन्हां जलशांस निघाल्या. १८५६ सालीं त्या पहिल्यानें इंग्लंडांत गेल्या, आणि पुढें तीस वर्षांवर त्या देशांत पुनःपुन्हां जात राहिल्या. ह्या कठीण दिवसांत तरुण ब्राम्स यांनीं ड्युसेल्डॉर्फच्या घरांत राहून घरखर्चाची वही ठेविली व मुलांकडे लक्ष दिलें. सारंगीसारखें जें व्हायोलिन वाद्य, त्याचे थोर वादक योसेफ योआखिम हे पुष्कळ जलशांत त्यांच्याबरोबर वाजवीत. हे दोघेही मित्र जन्मभर टिकले.

बाईंनीं आपल्या जलशांचे छापील कार्यक्रम बालपणापासून जपून ठेविले होते. ते तेराशांहून अधिक आहेत. आगगाडी सर्वत्र झालेली नव्हती. थंडीचे दिवस, गैरसोयीच्या खोल्या, परक्या गांवचे अनोळखी बाजे. एवढें करून त्यांनीं लोकांच्या आवडीला शरण जाऊन काम केलें नाहीं, हें विशेष. त्या काळीं जलसे म्हणजे बोटांची कसरत असे. नाटकांतील लोकप्रिय चालींवर जलद हात फिरवून टाळ्या मिळवावयाच्या. क्लाराबाई स्वतः लहानपणीं तसलेंच वाजवीत. पण पुढें त्यांनीं बाख, बेथोव्हेन, शोपँ, मेंडेलसोन व आपले पति यांच्या गंभीर रचना लोकांपुढें ठेविल्या, आणि रचणाऱ्यानें जें लिहिलें तेंच वाजवावें, आपली चमक दाखविण्यासाठीं त्यांत भर घालूं नये, असा नियम पाळला. कागद पुढें न ठेवतां पाठ वाजविण्याची चाल पाडणाऱ्यांतही त्या पहिल्यांपैकीं होत्या. ज्या शूमान यांचें संगीत पुष्कळांस क्लिष्ट वाटे, तें आज जगभर वाजतें याचें मोठें श्रेय ह्या बाईंच्या चिकाटीला आहे.

चरित्रांत उजेडाची बाजू सांगून काळोखाची झांकणें हें आम्ही योग्य मानीत नाहीं. ह्या कष्टांची किंमत मुलांनींही भरली. आई वर्षांतील कित्येक महिने प्रवासांत. त्यामुळें मुलें निरनिराळ्या शाळांत व परक्या घरीं वाढलीं. थोरली मारी हिनें बहुतेक आईची जागा घेतली व ती अविवाहित राहिली. पुढेंही दुःखानें पाठ सोडली नाहीं. सुमारें १८७० सालीं मुलगा लुडविग याचें मन बिघडलें, व त्याचें उरलेलें आयुष्य इस्पितळांत गेलें. यूली १८७२ सालीं वारली. बाप इस्पितळांत असतांना जन्मलेला फेलिक्स १८७९ सालीं क्षयानें गेला. फर्डिनांड यास लढाईनंतर सांधेदुखी जडली, तिच्यावर घेतलेल्या मॉर्फीनचें व्यसन लागलें, व तो १८९१ सालीं वारला. त्याच्या मुलांचा भार आजीवर पडला. आपण आणखी घरीं असतों तर बरें झालें असतें काय, हा प्रश्न अशा आईच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पण घरीं बसल्या असत्या तर मुलांनीं खाल्लें काय असतें, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. परगांवीं मजुरीस जाणाऱ्या ज्या माता आमच्या मंडळींत आहेत, त्यांस हें कोडें समजावून सांगावें लागणार नाहीं. त्यांच्याविषयीं बोलतांना आपण जीभ आंवरावी.

दुसरी एक गोष्ट आम्हांस याहून अधिक लागते. सोळाव्या वर्षीं जिनें एवढी मोठी रचना लोकांपुढें ठेविली, तिला रचण्याची देणगी होती यांत शंका नाहीं. १८४६ सालीं तिनें पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांसाठीं केलेली रचना आजही जाणते लोक आदरानें वाजवितात. परंतु विसाव्या वर्षींच तिनें आपल्या रोजनिशींत असा विचार लिहून ठेविला होता कीं, रचना करणें हें स्त्रीचें काम नव्हे, व ती इच्छाच आपण सोडावी. हा विचार तिला कोणी शिकविला? एकट्या बापानें नव्हे, एकट्या पतीनेंही नव्हे. त्या काळच्या साऱ्या जगानें शिकविला. पति वारल्यावर बाई चाळीस वर्षें जगल्या. त्या चाळीस वर्षांत त्यांनीं नवीन असें जवळजवळ कांहींच रचिलें नाहीं. दृष्टांतांतील दासानें भीतीनें आपलें धन पुरलें, म्हणून धन्यानें त्यास दोष दिला. पण जेथें दुसऱ्यांनींच खड्डा खणून ठेविलेला असतो, तेथें दोष कोणाचा? आमच्या खेड्यांतून एखादी मुलगी चांगलें वाचते, चांगलें गाते, हिशेब चटकन करिते. आणि पुढें तिचा काय उपयोग, असें म्हणून आपण तिला शाळेंतून काढितों. त्या खड्ड्याचा जाब तिला नव्हे, आपल्याला द्यावा लागेल.

आतां त्यांच्या शिकविण्याविषयीं. शिकवणी त्या आधींपासून करीतच होत्या. पण १८७० नंतरच्या वर्षांत त्यांचा हात इतका दुखूं लागला कीं, बराच काळ जलसे बंद ठेवावे लागले. १८७८ सालीं फ्रँकफुर्ट शहरीं नवी संगीतशाळा निघाली, व तिनें क्लाराबाईंस मुख्य शिक्षकांत बोलाविलें. पियानोच्या शिक्षकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. त्यांची कीर्ति ऐकून इंग्लंड व इतर दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येऊं लागले. मारी व ऑयगेनी ह्या दोघी मुली त्यांच्या हाताखालीं शिकवीत. नवशिक्यांची तयारी ह्या मुलींनीं करून घ्यावी, आणि मग आईनें त्यांस पुढें न्यावें, अशी व्यवस्था होती.

त्यांची शिकवण साधी होती आणि कडक होती. बोटें पट्ट्यांच्या जवळ ठेवावीं. वरून आदळूं नयेत. दाबून सूर काढावा, म्हणजे तो गातो. मनगट व दंड मोकळे असावेत. उगाच घाई करूं नये. लिहिलेली प्रत्येक खूण पाहावी, आणि ती तेथें कां घातली याचा विचार करावा. आपण वाजवितों तें आपलें नव्हे, दुसऱ्यानें आपल्या हातीं सोंपविलेलें आहे, ही जाणीव त्यांनीं शिष्यांत उतरविली. फॅनी डेव्हिस, लेनर्ड बॉर्विक, आडेलिना द लारा असे त्यांचे शिष्य पुढें नांवाजले, व विसाव्या शतकांत बराच काळपर्यंत त्यांनीं ती परंपरा चालविली. ह्याच वर्षांत बाईंनीं दुसरेंही एक काम अंगावर घेतलें. पतीच्या साऱ्या रचना तपासून शुद्ध स्वरूपांत छापविण्याचें काम त्यांनीं ब्राम्स यांच्या मदतीनें १८८१ ते १८९३ पर्यंत पुरें केलें.

१२ मार्च १८९१ रोजीं फ्रँकफुर्ट येथें त्या शेवटच्या लोकांपुढें बसल्या. त्या दिवशीं त्यांनीं वाजविलेली दोन पियानोंची रचना ब्राम्स यांची होती. अडतीस वर्षांपूर्वीं दारीं आलेल्या मुलाला दिलेला आसरा असा फळास आला होता. ऐकूं कमी येऊं लागलें होतें, हात दुखत होते. १८९२ सालीं त्यांनीं शाळेचें काम सोडलें. २० मे १८९६ रोजीं, शहात्तर वर्षांच्या असतांना, त्या फ्रँकफुर्ट येथें वारल्या, आणि बॉन येथें पतीच्या शेजारीं त्यांस पुरण्यांत आलें. ब्राम्स मोठा प्रवास करून मातीला येऊन पोंचले. पुढच्या वर्षीं तेही गेले. त्यांच्या देशानें पुढें १९९० सालीं काढलेल्या शंभर मार्कांच्या नोटेवर क्लाराबाईंचें चित्र छापलें, आणि युरो हें नाणें येईपर्यंत ती नोट लोकांच्या हातांत फिरत होती. मुलांच्या भाकरीसाठीं जिनें एकेक पैसा मोजला, तिचा चेहरा देशाच्या पैशावर आला.

आमच्या खेड्यांतील उपदेशकांस व शाळेच्या मास्तरांस आम्ही शेवटीं दोन शब्द सांगूं. तुमच्या कामाला टाळ्या नाहींत. दहा मुलांना तेंच अक्षर पुन्हां गिरवावयास लावावें, तेंच स्तोत्र पुन्हां म्हणवून घ्यावें, तोच धडा नव्या मंडळींस पुन्हां सांगावा, आणि सांगितलेलें पियानोच्या सुराप्रमाणें उमटतांच विरतांना पाहावें. क्लाराबाईंचेंही बासष्ट वर्षांचें वाजविणें असेंच हवेंत विरलें. त्याचा एक सूरही आज कोणास ऐकतां येत नाहीं. तरी तें नाहींसें झालें असें म्हणतां येत नाहीं, कारण तें शिष्यांच्या बोटांत उतरलें, आणि त्यांच्या बोटांतून दुसऱ्यांच्या. धन्यानें आपणांस किती दिलें हें तो जाणतो. कोणास पांच, कोणास दोन, कोणास एक. परत आल्यावर तो मोजमाप टाळ्यांचें करणार नाहीं. सोंपविलेलें राखलें काय, वाढविलें काय, आणि दुसऱ्याचें पुरूं तर दिलें नाहीं ना, इतकेंच तो विचारील. त्या दिवशीं आपणां सर्वांस त्याच्यापुढें निर्भय उभें राहतां यावें, अशी आमची प्रार्थना आहे.